रंग उतरला की संशय: अन्नातले पशुऔषधांचे अवशेष प्रतिपिंडांनी कसे शोधतात

समजा, दगडी (कासेची सूज) झालेल्या गाईच्या सडात पेनिसिलीनची ट्यूब सोडली आणि पुढच्या धारेत त्यातले फक्त ३० मिलिग्रॅम दुधात उतरले. कोडेक्स या अन्नाचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या संस्थेने दुधातल्या बेंझिलपेनिसिलीनसाठी घालून दिलेली मर्यादा लिटरला ४ मायक्रोग्रॅम आहे. भागाकार करून पाहिला तर हे ३० मिलिग्रॅम ७,५०० लिटर दूध मर्यादेच्या काठावर नेऊन ठेवतात. एक जनावर, एक धार, आणि टँकरभर दूध अडचणीत. म्हणून दूध टाकीत ओतायच्या आधी, काही मिनिटांत आणि कमी खर्चात, ‘यात काही संशयास्पद आहे का’ एवढ्या एकाच प्रश्नाचे उत्तर देणारी चाचणी लागते. प्रतिपिंडांवर चालणाऱ्या चाचण्या त्यासाठीच आहेत. त्यांच्याकडून याहून मोठ्या प्रश्नाचे उत्तर मागितले की घोळ सुरू होतो.

औषधांचे दोन गट आधी वेगळे करून ठेवू. पहिल्या गटातली औषधे जनावरांना देण्यास परवानगी असते, मात्र दूध, मांस, अंडी यांत ती किती उरलेली चालतील याची कमाल मर्यादा ठरलेली असते. पेनिसिलीन, टेट्रासायक्लीन, सल्फा औषधे, एन्रोफ्लॉक्सासिन ही या गटातली. यांचे अवशेष जास्त झाले तर ॲलर्जी असलेल्या माणसाला बाधतात, दह्याचे किंवा चीजचे विरजण लागत नाही आणि औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंना बळ मिळते. दुसऱ्या गटातली औषधे माणसाला अन्न देणाऱ्या जनावरांना देण्यास अनेक देशांत पूर्ण बंदी आहे. क्लोरॅम्फेनिकॉल क्वचित एखाद्या माणसाची रक्त तयार करणारी अस्थिमज्जाच बंद पाडते, आणि हा धोका किती औषध पोटात गेले यावर ठरत नसल्याने सुरक्षित मर्यादा काढता येत नाही. क्लेनब्युटेरॉल दिल्याने जनावराच्या अंगावर चरबी कमी आणि मांस जास्त चढते. १९९० मध्ये स्पेनमध्ये अशा जनावरांचे यकृत खाऊन शंभराहून अधिक माणसांना छातीत धडधड आणि हातापायांना कंप असा त्रास झाला होता. बंदी असलेल्या औषधांसाठी उपकरणाला दिसेल तितक्या खाली जाऊन शोध घ्यावा लागतो. युरोपीय संघात क्लोरॅम्फेनिकॉलसाठी कारवाईची पातळी आधी किलोला ०.३ मायक्रोग्रॅम होती, २०२२ च्या अखेरीस ती ०.१५ वर आली. म्हणजे साधारण ६,६७० टन कोळंबीत एक ग्रॅम औषध. दूध उकळले किंवा मांस शिजवले की औषध निघून जाते, हा समज बहुतेक औषधांच्या बाबतीत चुकीचा आहे. काही थोडी कमी होतात, पुष्कळशी तशीच राहतात.

प्रतिपिंड मुळात मिळवायचे कसे?

शरीरात परके प्रथिन शिरले की त्याला नेमके चिकटणारी प्रथिने, म्हणजे प्रतिपिंडे, तयार होतात. पण औषधाचा रेणू फार छोटा असतो. क्लोरॅम्फेनिकॉलचा रेणुभार ३२३, पेनिसिलीन जीचा ३३४, आणि प्रतिपिंडाचा सुमारे दीड लाख. एवढ्या चिमुकल्या रेणूची शरीराची संरक्षणयंत्रणा दखलच घेत नाही. म्हणून औषधाला एका मोठ्या वाहक प्रथिनावर रासायनिक बंधाने बसवतात आणि ते जोडलेले प्रथिन सशाला, मेंढीला किंवा उंदराला टोचतात. मग जी प्रतिपिंडे तयार होतात त्यांतली काही औषधाला ओळखतात. असा एकट्याने निरुपद्रवी पण वाहकावर बसला की प्रतिपिंड जागवणारा रेणू म्हणजे हॅप्टन. १९७५ मध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच जातीची प्रतिपिंडे हवी तितकी बनवण्याची रीत काढली आणि चाचणीचे तयार संच, म्हणजे किट, एकसारखे करणे सोपे झाले.

औषध वाहकाला कोणत्या टोकाने जोडले यावर पुढचे सगळे अवलंबून असते. प्रतिपिंडाला जोडाजवळचा भाग नीट दिसत नाही, वाहकापासून दूर असलेले टोक लख्ख दिसते. सल्फा औषधांचे उदाहरण घ्या. या सगळ्या कुटुंबाचे एक टोक समान असते आणि दुसऱ्या टोकाला प्रत्येकाचे वेगळे वलय. समान टोकाने जोडले तर प्रतिपिंड वेगळे वलय पाहतो आणि एकच औषध ओळखतो. उलट बाजूने जोडले तर समान टोक दिसते आणि कुटुंबातली बरीच औषधे पकडीत येतात, पण सगळी सारख्याच जोराने नाहीत. किटच्या माहितीपत्रकातला ‘क्रॉस-रिॲक्टिव्हिटी’चा तक्ता हीच गोष्ट टक्क्यांत सांगतो, आणि तो न वाचता किट विकत घेणे म्हणजे डोळे मिटून चष्मा निवडणे. समजा किट सल्फामेथाझिनवर बेतलेले आहे आणि सल्फाडायझिनसाठी तक्त्यात १० टक्के लिहिले आहे. नमुन्यात सल्फाडायझिन किलोला १०० मायक्रोग्रॅम असले तरी किट ते सुमारे १० इतकेच वाचेल. मर्यादेला टेकलेला नमुना निवांत सुटेल आणि अहवालावर मात्र ‘सल्फा औषधे आढळली नाहीत’ असे छापले जाईल.

याची दुसरी बाजूही आहे. एन्रोफ्लॉक्सासिन जनावराच्या अंगात सिप्रोफ्लॉक्सासिनमध्ये बदलते, आणि युरोपीय मर्यादा दोघांच्या बेरजेला लागू होते. तिथे दोघांनाही पकडणारा प्रतिपिंडच हवा. फार चोखंदळ प्रतिपिंड तिथे उपयोगाचा नाही.

रंग उलटा का चालतो

मोठ्या प्रथिनाची चाचणी असती तर त्याला दोन बाजूंनी दोन प्रतिपिंडांनी धरता आले असते. जितके प्रथिन जास्त, तितका रंग गडद. औषधाच्या रेणूवर एका प्रतिपिंडापुरतीच जागा असते. म्हणून इथे स्पर्धा लावतात. प्लेटच्या खळग्यात मोजक्या संख्येने प्रतिपिंडे चिकटवलेली असतात. त्यात नमुन्याचा अर्क टाकतात आणि त्याच वेळी एन्झाइम जोडलेले तेच औषध ठरावीक प्रमाणात टाकतात. याला प्रयोगशाळेत कॉन्जुगेट म्हणतात, आणि एन्झाइम बहुधा हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज असते. संगीत खुर्चीसारखे आहे हे: खुर्च्या ठरलेल्या, नमुन्यातले औषध जितके जास्त तितक्या खुर्च्या ते बळकावते आणि एन्झाइमवाले औषध उभे राहते. उभे राहिलेले धुऊन टाकायचे. मग रंगद्रव्य घालायचे. बसलेल्या एन्झाइममुळे ते निळे होते आणि आम्ल घातले की पिवळे. औषध जास्त तर रंग फिका, औषध नसेल तर रंग सर्वांत गडद.

एवढी एक गोष्ट पक्की डोक्यात बसली की या चाचणीतल्या बहुतेक चुकांची दिशा आपोआप कळते. प्लेटवर जे काही बिघडते, म्हणजे मरगळलेले एन्झाइम, अर्कात उरलेले द्रावक, चुकीचा पीएच, चरबी, त्या सगळ्याने रंग कमीच होतो. रंग कमी म्हणजे औषध आहे असे चाचणी सांगते. प्लेटवरच्या चुका बहुधा निर्दोष नमुन्याला गुन्हेगार ठरवतात. प्लेटच्या आधीच्या चुका, म्हणजे औषध अर्कात आलेच नाही किंवा साठवणीत विरून गेले, त्या नेमक्या उलट दिशेने, गुन्हेगाराला सोडून देतात. पहिल्या प्रकारच्या चुका पुन्हा चाचणी केल्यावर उघड होतात. दुसऱ्या प्रकारच्या कधीच होत नाहीत, कारण स्वच्छ निघालेला नमुना पुन्हा कोणी तपासत नाही. म्हणून अनुभवी माणूस आपला बराचसा वेळ अर्कावर घालवतो.

नमुना तयार करणे

सर्वांत सोपे काम दुधाचे. १० अंश सेल्सियसच्या खाली थंड करून ३,००० जी बलावर (गुरुत्वाकर्षणाच्या ३,००० पट) १० मिनिटे सेंट्रिफ्यूज केले, म्हणजे वेगाने गरगर फिरवले, की वर साय घट्ट जमते. ती काढून खालचे दूध बफरमध्ये, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, पातळ करतात. मर्यादा १०० मायक्रोग्रॅमच्या आसपास असेल तर दहा-वीस पट पातळ करायला वाव असतो, आणि पातळ करणे हा दुधातल्या प्रथिन-चरबीचा अडथळा टाळण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. बंदीच्या औषधांत ही चैन नाही. तिथे उलट अर्क आटवावा लागतो.

कोळंबीतल्या क्लोरॅम्फेनिकॉलचा नेहमीचा क्रम असा. साल काढलेली कोळंबी एकजीव वाटायची. ३ ग्रॅम घेऊन त्यात ३ मिलिलिटर पाणी आणि ६ मिलिलिटर इथाइल ॲसिटेट घालायचे, १० मिनिटे हलवायचे, मग ४,००० जीवर १० मिनिटे सेंट्रिफ्यूज. वरच्या थरातले नेमके ४ मिलिलिटर दुसऱ्या नळीत काढून ५० ते ६० अंशांवर नायट्रोजनच्या झोताखाली पूर्ण कोरडे करायचे. तळाशी उरलेल्या चिकट थरावर १ मिलिलिटर हेक्झेन आणि १ मिलिलिटर बफर घालून घुसळायचे. चरबी हेक्झेनमध्ये जाते, औषध बफरमध्ये. पुन्हा सेंट्रिफ्यूज करून खालच्या पाणीदार थरातले ५० मायक्रोलिटर खळग्यात.

हिशेब इथेच करून ठेवावा. ६ पैकी ४ मिलिलिटर घेतले म्हणजे ३ पैकी २ ग्रॅम नमुना हाती आला, आणि तो १ मिलिलिटर बफरमध्ये उतरला. म्हणजे अर्क दुप्पट घट्ट आहे. प्लेटने मिलिलिटरला ०.३ नॅनोग्रॅम वाचले तर कोळंबीत किलोला ०.१५ मायक्रोग्रॅम. त्या वेळी खळग्यात प्रत्यक्ष औषध आहे १५ पिकोग्रॅम, ग्रॅमचा लाख-कोटीव्वा हिस्सा धरला तर असे फक्त पंधरा हिस्से. गुणायच्या जागी भागायची चूक नवख्याकडून हमखास होते आणि उत्तर एकदम चौपट चुकते.

या पायरीत काय बिघडते? द्रावक पुरते न उडवता बफर घातला तर इथाइल ॲसिटेटचा अंश प्रतिपिंडाला त्रास देतो आणि रंग पडतो. घाईने तापमान वाढवून नळी तासभर कोरडीच तापत ठेवली तर औषध काचेला धरून बसते. हेक्झेन आणि बफर जोरात घुसळल्यावर मध्ये दुधट साका तयार होतो. त्यातले काही पिपेटमध्ये आले की चरबी खळग्यात पोहोचते. साका फुटत नसेल तर नळी काही मिनिटे ऐंशी अंशांच्या पाण्यात धरून पुन्हा सेंट्रिफ्यूज करतात.

मध वरवर साधा वाटतो, पण त्यात सल्फा औषधे साखरेशी बांधली जातात. पाण्यात विरघळवून थेट चाचणी केली तर बांधलेला भाग निसटतो. आधी सौम्य आम्लात ठेवून बंध तोडावे लागतात, मग आम्ल मारून पुढे जायचे. मूत्रात आणि मूत्रपिंडात क्लोरॅम्फेनिकॉलचा मोठा भाग ग्लुकुरोनिक आम्लाला जोडलेला असतो. तिथे ग्लुकुरोनिडेज एन्झाइमने तो सोडवतात. टेट्रासायक्लीन कॅल्शियमला घट्ट पकडते, आणि दुधात कॅल्शियमची कमी नाही, म्हणून अर्काच्या बफरमध्ये कॅल्शियम काढून घेणारे ईडीटीए घालतात. जेंटामायसिनसारखी अमिनोग्लायकोसाइड औषधे काचेच्या भिंतीला चिकटतात, त्यांच्यासाठी सगळी भांडी प्लास्टिकची.

नायट्रोफुरान: वेगळी कहाणी

नायट्रोफुरान औषधे जनावराच्या अंगात काही तासांतच नाहीशी होतात. मूळ औषध शोधत बसलो तर नमुना नेहमीच स्वच्छ दिसेल. पण त्यांचे तुकडे मांसातल्या प्रथिनांना घट्ट बांधले जातात आणि आठवडेच्या आठवडे टिकतात. फुराझोलिडोनपासून एओझेड, फुराल्टाडोनपासून एएमओझेड, नायट्रोफुरॅन्टोइनपासून एएचडी आणि नायट्रोफुराझोनपासून सेमिकार्बाझाइड. हे तुकडे इतके चिमुकले आहेत (एओझेडचा रेणुभार १०२, सेमिकार्बाझाइडचा अवघा ७५) की प्रतिपिंडाला धरायला जागाच नाही. म्हणून एका दगडात दोन पक्षी मारतात: आम्लाने तुकडा प्रथिनापासून सोडवायचा आणि त्याच नळीत त्याला नायट्रोबेंझाल्डिहाइडचे शेपूट जोडायचे. प्रतिपिंड बनवलेले असते ते या शेपटासकट रूपावर.

१ ग्रॅम वाटलेला नमुना, ४ मिलिलिटर पाणी, १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल अर्धा मिलिलिटर आणि १० मिलिमोलर २-नायट्रोबेंझाल्डिहाइड १०० मायक्रोलिटर. ३७ अंशांवर रात्रभर, साधारण १६ तास. सकाळी ०.१ मोलर डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट ५ मिलिलिटर आणि १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड ०.४ मिलिलिटर घालून पीएच ७ च्या आसपास आणायचा, मग ५ मिलिलिटर इथाइल ॲसिटेटने अर्क. त्यातले अडीच मिलिलिटर आटवून १ मिलिलिटर बफरमध्ये घेतले की अर्धा ग्रॅम नमुना हाती येतो, म्हणजे प्लेटवरचा आकडा दोनाने गुणायचा. पीएच पट्टी लावून बघण्याचा कंटाळा केला आणि द्रावण आम्लच राहिले तर जोडलेला तुकडा इथाइल ॲसिटेटमध्ये नीट उतरत नाही. ही लपवणारी चूक आहे. नायट्रोबेंझाल्डिहाइड जुने झाले असेल तरी तेच होते. दोन्ही पकडायचा उपाय एकच: माहीत असलेल्या प्रमाणात एओझेड मिसळलेला स्वच्छ नमुना प्रत्येक तुकडीत पहिल्या पायरीपासून सोबत चालवणे. तयार अर्कात औषध मिसळून केलेल्या नियंत्रणाने रात्रीची पायरी फसली हे कळत नाही.

सेमिकार्बाझाइडच्या बाबतीत मात्र सावध राहावे. बरणीच्या झाकणाच्या रबरी वाटणाऱ्या चकतीत फेस आणण्यासाठी किंवा पिठात सुधारक म्हणून वापरल्या जाणाऱ्या ॲझोडायकार्बोनामाइडपासूनही ते तयार होते, आणि काही कवचधारी जलचरांच्या कवचात ते निसर्गतःच आढळते. बरणीबंद किंवा पीठ लावलेल्या पदार्थात ते सापडले म्हणजे नायट्रोफुराझोन वापरले असे म्हणता येत नाही. कोळंबीचे कवच काढून फक्त मांस तपासावे, याचे हे एक कारण.

प्लेटवरची पाऊण-दीड तासाची कसरत

किट फ्रिजमधून काढून तासभर, शक्यतो दीड-दोन तास, २० ते २५ अंशांच्या खोलीत ठेवावे. प्लेटची पिशवी गार असताना फोडली तर हवेतली वाफ खळग्यांत जमते. उरलेल्या पट्ट्या ओल शोषणाऱ्या पुडीसह लगेच बंद करायच्या.

आता प्रत्येक स्टँडर्डसाठी (माहीत प्रमाणात औषध असलेले द्रावण) आणि प्रत्येक नमुन्यासाठी ९६ खळग्यांपैकी दोन-दोन खळगे. आधी ५० मायक्रोलिटर स्टँडर्ड किंवा अर्क, मग ५० मायक्रोलिटर कॉन्जुगेट. काही किटमध्ये त्यावर ५० मायक्रोलिटर प्रतिपिंडही वेगळे असते. हलकेच हलवून अंधारात ३० ते ६० मिनिटे, जितकी किट सांगते तितकीच. पहिल्या आणि शेवटच्या खळग्यात द्रव पडण्यामध्ये दहा मिनिटे गेली तर स्पर्धेचा वेळच सारखा उरत नाही. प्लेटच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रंग उतरत किंवा चढत गेलेला दिसतो. आठ तोंडांचा पिपेट इथे चैनीचा नाही. कडेचे खळगे मधल्यांपेक्षा लवकर तापतात आणि वाळतात, म्हणून प्लेट झाकून ठेवावी आणि पंख्याच्या किंवा एसीच्या झोतात ठेवू नये.

धुण्यासाठी ट्वीन २० हे साबणासारखे द्रव्य घातलेला बफर, प्रत्येक खळग्यात २५० ते ३०० मायक्रोलिटर, तीन ते पाच वेळा, आणि शेवटी टिपकागदावर प्लेट उलटी आपटून निथळवणे. उलट्या रंगाच्या नियमाला असलेला अपवाद नेमका इथे आहे. धुणे कमी पडले तर न बसलेले कॉन्जुगेट मागे राहते, रंग वाढतो आणि दूषित नमुना स्वच्छ दिसतो. प्लेटवरच्या सगळ्या पायऱ्यांत ही एक लपवणारी चूक, म्हणून धुणे कधी उरकू नये. धुण्याच्या बफरमध्ये बुरशी येऊ नये म्हणून सोडियम ॲझाइड घालण्याचा मोहही आवरावा. पेरॉक्सिडेज त्याने निकामी होते.

मग टीएमबी रंगद्रव्य १०० मायक्रोलिटर, अंधारात साधारण १५ मिनिटे, आणि निळा रंग नीट आला की थांबवणारे आम्ल १०० मायक्रोलिटर. रीडरवर, म्हणजे रंगाचा गडदपणा मोजणाऱ्या यंत्रावर, ४५० नॅनोमीटरला १५ ते ३० मिनिटांच्या आत वाचायचे. बाटलीतले टीएमबी आधीच निळसर असेल तर ते फेकून द्यावे. बहुतेक वेळा कोणीतरी वापरलेले टोक त्यात पुन्हा बुडवलेले असते किंवा उरलेले परत बाटलीत ओतलेले असते.

आकड्यांचे वाचन

शून्य स्टँडर्डचा रंग १०० टक्के धरून बाकी सगळे त्याच्या टक्क्यांत लिहितात. शून्याचे वाचन १.६० आणि नमुन्याचे ०.८० आले तर ५० टक्के. स्टँडर्डचे टक्के आणि त्यांची प्रमाणे मांडली की उलटा पडलेला ‘एस’ दिसतो. त्यावर चार आकड्यांचे लॉजिस्टिक समीकरण बसवून नमुन्याचे प्रमाण वाचतात. मधला उतरता भाग, साधारण २० ते ८० टक्क्यांमधला, भरवशाचा. ९५ टक्क्यांवरून काढलेले ‘०.००७’ असले उत्तर कितीही दशांश स्थळे दाखवत असले तरी त्याला अर्थ नसतो. शून्याचे वाचनच ०.६ च्या खाली गेले असेल तर एन्झाइम थकले आहे किंवा खोली गार होती. ती प्लेट रद्द. जोडीच्या दोन खळग्यांत १५-२० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर पिपेट किंवा धुणे तपासावे.

शिवाय स्टँडर्ड असतात स्वच्छ बफरमध्ये, नमुना मात्र कोळंबीचा. पूर्ण स्वच्छ कोळंबीही १०० टक्क्यांवर येत नाही, ९०-९२ वर घुटमळते. म्हणून कटऑफ, म्हणजे संशयाची सीमारेषा, किटच्या पुस्तिकेतून उचलण्याऐवजी स्वतःच्या पदार्थावर काढायचा असतो. वेगवेगळ्या ठिकाणचे २० स्वच्छ नमुने आणि तेच नमुने लक्ष्य पातळीला, म्हणजे चाचणीने जे प्रमाण पकडायलाच हवे तितके, औषध मिसळून चालवायचे. समजा स्वच्छ नमुन्यांची सरासरी ९२ टक्के आणि प्रमाण विचलन ४, औषध मिसळलेल्यांची सरासरी ५५ आणि विचलन ६. मिसळलेल्यांच्या सरासरीत विचलनाच्या १.६४ पट मिळवले की ६४.८ मिळते, हा कटऑफ. याच्या खाली जे येईल ते संशयित. स्वच्छ नमुन्यांच्या सरासरीतून १.६४ पट वजा केले की ८५.४ उरते. दोन आकड्यांमध्ये जागा आहे, म्हणजे चाचणी त्या पदार्थासाठी चालते. दोन्ही एकमेकांवर चढले तर लक्ष्य पातळी वर न्यावी किंवा अर्क सुधारावा. युरोपीय मार्गदर्शनानुसार दूषित नमुना सुटण्याचे प्रमाण ५ टक्क्यांच्या वर जाता कामा नये. लक्ष्य पातळी मर्यादेच्या अर्ध्यावर किंवा खाली असेल तर २० मिसळलेल्या नमुन्यांत फार तर एक सुटलेला चालतो, आणि पातळी मर्यादेच्या जवळ नेली तर ४० किंवा ६० नमुने चालवावे लागतात.

पट्टीची चाचणी

दूध संकलनाच्या जागी प्लेट आणि रीडर कुठून आणणार? तिथे पट्टी. २०० मायक्रोलिटर दूध सुकवलेल्या अभिकर्मकाच्या खळग्यात, काही मिनिटे गरम ब्लॉकवर, मग त्यात पट्टी बुडवायची. सोन्याच्या सूक्ष्म कणांमुळे रेघा लाल दिसतात. चाचणीची रेघ नियंत्रण रेघेपेक्षा गडद असेल तर स्वच्छ. फिकी किंवा गायब असेल तर संशयित. रेघा सारख्याच आल्या तर किटचा नियम पाहावा. नियंत्रण रेघच नसेल तर ती पट्टी मोजायचीच नाही. नियम इथेही तोच, रंग उतरला की संशय.

पेनिसिलीन गटाच्या अनेक पट्ट्यांत खरे तर प्रतिपिंड नसतोच. जीवाणूंच्या ज्या प्रथिनाला पेनिसिलीन चिकटते तेच प्रथिन तिथे वापरलेले असते. त्यामुळे अखंड बीटा-लॅक्टम वलय (पेनिसिलीनच्या रेणूचा गाभा) असलेली कुटुंबातली बरीच औषधे एकदम पकडली जातात, आणि वलय मोडलेले, म्हणजे जंतूंवर निष्प्रभ झालेले औषध धरले जात नाही. याचा गैरफायदाही घेतला जातो: दुधात बीटा-लॅक्टमेज एन्झाइम टाकून पेनिसिलीन मोडले की पट्टी स्वच्छ येते. ते एन्झाइम शोधायची वेगळी चाचणी असते.

थंडगार दूध, नासके दूध, चीक, दगडीच्या जनावराचे दूध आणि दहा मिनिटे उशिरा वाचलेली पट्टी, फसवे निकाल बहुतांशी यांतूनच येतात.

जंतुवाढ रोखण्याची जुनी चाचणी अजून टिकून आहे. जिओबॅसिलस स्टीअरोथर्मोफिलसचे बीजाणू असलेली जांभळी जेल ६४ अंशांवर अडीच-तीन तास ठेवतात. जंतू वाढले की ती पिवळी होते, औषध असले की जांभळीच राहते. अनेक गटांची औषधे एकदम दिसतात हे तिचे बळ. पण क्लोरॅम्फेनिकॉल तिला कारवाईच्या पातळीच्या हजारो पट प्रमाणातच दिसते, म्हणून त्यासाठी ती कुचकामी.

संशयिताचे पुढे काय?

समजा हजारात एकच नमुना खरोखर दूषित आहे आणि चाचणी स्वच्छ नमुन्यांपैकी ५ टक्क्यांना चुकून संशयित ठरवते. १०,००० नमुन्यांत खरे दूषित १०, आणि नाहक अडकलेले जवळजवळ ५००. संशयितांच्या ढिगातले पन्नासात एकोणपन्नास निर्दोष! चाचणी वाईट आहे असा याचा अर्थ नाही. साडेनऊ हजार नमुने तिने पुढच्या महागड्या कामातून वगळले. पण या ढिगावर माल नष्ट करण्याचा किंवा कोणाचा परवाना थांबवण्याचा निर्णय उभा करता येत नाही. त्यासाठी द्रव क्रोमॅटोग्राफी आणि दुहेरी वस्तुमान वर्णपटमापक लागतो. तो रेणूचे वजन आणि त्याचे तुटलेले तुकडे मोजून औषधाचे नाव निश्चित करतो.

पुढे पाठवताना प्लेटसाठी केलेला अर्क न पाठवता मूळ नमुना पाठवावा. वाटून एकजीव केलेल्या नमुन्याचे सुरुवातीलाच निदान तीन भाग करून वेगवेगळ्या पिशव्यांत गोठवावे, म्हणजे एकच भाग पुन्हा पुन्हा वितळवून गोठवावा लागत नाही. पेनिसिलीन गटासाठी उणे २० अंशांचा फ्रीझर पुरेसा नाही, औषध हळूहळू विरत जाते. उणे ७० चा असेल तर तिथे ठेवावे, नसेल तर काही दिवसांत पाठवावे. टेट्रासायक्लीन आणि नायट्रोफुरानच्या नमुन्यांना प्रकाशापासून झाकावे. आणि क्लोरॅम्फेनिकॉलचा संशयित निघाला की आधी त्या दिवशीचे कोरे अभिकर्मक नियंत्रण (नमुना न घालता चालवलेले) तपासावे: हे औषध माणसांच्या डोळ्यांच्या थेंबांत आणि मलमांत असते, आणि डोळे आलेल्या तंत्रज्ञाने थेंब घालून हातमोजे न बदलता नमुना वाटला तर १५ पिकोग्रॅमची चाचणी ते बिनचूक शोधून काढते. शेताच्या बाजूनेही पाहावे. मातीतला स्ट्रेप्टोमायसिस व्हेनेझुएली हा जीवाणू हेच औषध निसर्गतः बनवतो आणि ते पेंढ्यातही आढळले आहे. वस्तुमान मापक तिथे औषधाचे नाव बरोबर सांगेल, ते जनावरात बाटलीतून आले की पेंढ्यातून, हे सांगणार नाही. त्यासाठी खाद्याचे आणि पेंढ्याचे नमुनेही त्याच दिवशी उचलावे लागतात.